बँकेत पैसे होते, पण आपले नव्हते

मी एका छोट्या संस्थेची खजिनदार, हिशोब बघते. त्या दिवशी महिनाअखेर होती, कार्यकारिणीची मीटिंग, ११ पैकी ६ जण आले म्हणजे कोरम कसाबसा भरला, आणि दोन महिन्यांचे पगार थकलेले. अध्यक्षांनी पासबुक उघडून माझ्यापुढे सरकवलं, "एवढे पैसे पडलेत आणि तुम्ही पगाराला नाही म्हणता?"

रक्कम दांडगी होती, खोटं कशाला बोलू. पण बहुतेक पैसा वाचनवर्गाच्या ग्रँटचा, आणि मंजुरीपत्रात स्वच्छ लिहिलेलं की याच कामाला वापरा, उरले तर परत करा. ते म्हणाले, "अहो तात्पुरते घ्या, पुढची देणगी आली की टाकू परत." या तात्पुरत्याचीच मला धास्ती. पुढची देणगी येते तेव्हा तिच्यासाठी वेगळाच खड्डा तयार असतो, मग एका ग्रँटची भरपाई दुसरीतून, दुसरीची तिसरीतून, आणि ऑडिटर विनियोग प्रमाणपत्रावर (ग्रँट ठरल्या कामालाच खर्च झाली याचा दाखला) सही करायला बसला की हे तात्पुरतं कोणालाच आठवत नाही.

आवाज चढले. तेवढ्यात एक ज्येष्ठ मॅडम, ज्या एरवी फक्त सही करून जायच्या, म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, यातले आपले किती?"

अजेंड्याच्या पाठकोऱ्या बाजूला मी तीन रकाने पाडले. ग्रँटचे, कॉर्पसचे (मुद्दलाला हात नाही, फक्त व्याज वापरायचं) आणि मोकळे. मोकळ्यात एका महिन्याचे अर्धे पगार जेमतेम निघत होते. निदान तीन महिन्यांचा खर्च गाठीशी असावा म्हणतात, आमच्याकडे पंधरा दिवसांचाही नव्हता! सगळे गप्प. यात चूक माझीपण होती, प्रत्येक मीटिंगला मी एकच बेरीज वाचून दाखवायचे आणि सगळे माना डोलवायचे.

खरी गंमत पुढे. प्रपोजल काढून बघितलं तर ग्रँट हातची जाऊ नये म्हणून आम्हीच त्यात शिकवणाऱ्या ताईंचा पगार, भाडं, वीज काहीच मागितलं नव्हतं, फक्त पुस्तकं, कपाटं आणि प्रवास. म्हणजे कपाटं नवीकोरी आणि वर्ग घेणारी ताई बिनपगारी.

मग ठरलं की ज्यांचा पगार सगळ्यात कमी त्यांना मोकळ्यातून आधी, माझा आणि समन्वयकांचा नंतर, प्रवासातले उरलेले ताईंच्या पगाराला वळवायची देणगीदाराकडे लेखी परवानगी मागायची, आणि सदस्यांनी दरमहा वर्गणी द्यायची, पावती घेऊन (यावर दोघांनी लगेच मोबाईल बघायला सुरुवात केली). परवानगी नवव्या दिवशी आली. विचारायला आम्हीच लाजत होतो.

इतिवृत्तात मी "अध्यक्षांनी ग्रँटमधून पगार देण्याचे सुचवले, खजिनदारांनी विरोध केला" असं जसंच्या तसं लिहिलं. पुढच्या मीटिंगला अध्यक्षांनी ते वाक्य दोनदा वाचलं, पेन झटकलं, म्हणाले, "हे ठेवायलाच हवं का?" म्हटलं, हो सर. त्यांनी सही केली.