दोन बाबा

आमच्या घराला बरीच वर्षं दोन बाबा होते. एक लेकीचे वडील आणि दुसऱ्या शेजारच्या आजी. युक्रेनी भाषेत आजीला ‘बाबा’ म्हणतात, हे कॅनडातल्या एडमंटनला येईपर्यंत आम्हाला कुठलं ठाऊक! ‘बाबांनी बोलावलंय’ म्हटलं की ‘कुठल्या?’ हे विचारावंच लागे.

या बाबांनीच लेकीला पाचव्या वर्षी युक्रेनी नाचाच्या शाळेत नेऊन घातलं आणि आमचा मे महिना गॅदरिंगचा झाला. बाहेरचा बर्फ नुकता कुठे वितळलेला असायचा आणि घरात ‘विनोक’च्या, म्हणजे डोक्यावरच्या फुलांच्या मुकुटाच्या, रंगीत रिबिनींना इस्त्री चाललेली. लाल बूट वाढत्या पायाचे म्हणून एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा. ही अक्कल मात्र आमची, नाशिकची.

कार्यक्रमाची सुरुवात स्वागताच्या नाचाने. भरतकाम केलेल्या कापडावर गोल पाव आणि मीठ घेऊन मुली पुढे येत. एका वर्षी मिठाची वाटीच उलटली आणि मागून ‘बिहुनेत्स’ची पावलं टाकत, म्हणजे धावतच, आलेली रांग घसरता घसरता वाचली. बिहुनेत्स, तिनोक, प्रिस्यादका... पोरांना युक्रेनीत धड चार वाक्यं बोलता येत नसत, पण पावलांची नावं तोंडपाठ. शेवटी होपाक. मुलगे खाली बसून पाय झाडतात, हवेत उड्या घेतात आणि पालक शिट्ट्या मारतात.

होपाक सुरू असताना बाबा मात्र शांत असत. एकदा म्हणाल्या, “हा शिकवलेला नाच. आमचा नाच खाली हॉलमध्ये.” त्याचा अर्थ मला पुढे उमगला. 1891 पासून कॅनडात आलेले पहिले युक्रेनी लोक पश्चिमेकडच्या गॅलिशिया-बुकोव्हिनाचे शेतकरी, आणि होपाक मध्य युक्रेनचा, लढवय्या कोसॅकांचा. नाच शिकवणारे वासिल अव्रामेन्को 1925 मध्ये कॅनडात आले, त्यांनी गावोगावी वर्ग घेऊन नाच बसवले आणि तेव्हापासून ते स्टेजवर रुजले. पुढे 1959 मध्ये एडमंटनलाच ‘शुम्का’सारखा मोठा संच उभा राहिला. बाबांच्या घरच्यांनी गावाकडून सोबत आणली होती ती कोलोमिय्का, रिंगण धरून नाचायची.

म्हणून मला आठवतं ते पडदा पडल्यानंतरचंच. तळघरातला हॉल, लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास, पिरोहींची ताटं. (बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्याच त्या, फक्त पारी मैद्याची.) कोपऱ्यात फिडल, ढोल आणि त्सिंबाली. त्सिंबाली म्हणजे संतूरची थोरली, दणकट बहीण. दोन लाकडी हातोड्या तारांवर पडायला लागल्या की खुर्च्या आपोआप भिंतीला जात आणि रिंगण धरलं जाई. ज्याला काही येतं तो मध्ये येतो, करून दाखवतो, बाजूला होतो. ज्याला काही येत नाही त्याला ढकलतात. मी फुगडी घातली. चालली.

2022 नंतर शाळेत नवी मुलं आली, युद्धातून निघालेली. त्या वर्षीच्या गॅदरिंगला त्यांच्यातली एक आई भिंतीला टेकून उभी होती. बाबा आपल्या जुन्या, इथल्या मातीत मुरलेल्या युक्रेनीत म्हणाल्या, “घरी कशी जाशील? बाहेर माझी ‘कारा’ उभी आहे.” ती बाई दचकलीच. इथल्या जुन्या लोकांनी ‘कार’ची ‘कारा’ करून टाकलेली, आणि खऱ्या युक्रेनीत कारा म्हणजे शिक्षा! लेकीने उलगडा केला तशी ती बाई हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेवढ्यात त्सिंबाली सुरू झाली. बाबांनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून माझ्या हातात दिली आणि तिला रिंगणात ढकललं.