स्क्रीन बंद करून ऐकलेला कोड

प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम मी सात वर्षं एकाच पद्धतीने शिकवला. प्रोजेक्टरवर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला कोड टाइप करायचा, बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "हे बघा, हे इथून इथे येतं." आठव्या वर्षी वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आली. दुसरा तास संपल्यावर ती मागे थांबली. "मॅडम, आज तुम्ही 'हे' आणि 'इथे' खूपदा म्हणालात. तेवढं सगळं माझं राहून गेलं."

त्या रात्री मी माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, टाकला. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन प्रोग्रामरने तो २००६ मध्ये बनवायला घेतला, आणि आजही तो मोफत मिळतो. स्क्रीनचा प्रकाश पूर्ण घालवला आणि मीच लिहिलेला सहा ओळींचा प्रोग्राम ऐकायला बसले. एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, त्याच्या आत एक इफ, म्हणजे अट, शेवटी एक प्रिंट, म्हणजे उत्तर दाखवणारी ओळ. शब्द सगळे ऐकू आले. पण प्रिंट इफच्या आत आहे, लूपच्या आत आहे की दोन्हींच्या बाहेर, हे तीनदा ऐकूनही कळेना. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा वाचलीच जात नव्हती, कोलन आणि कंसही गाळले जात होते. सेटिंग्ज धुंडाळल्यावर सापडलं: विरामचिन्हं वाचण्याची पातळी वाढवता येते, आणि इंडेंटेशन, म्हणजे ओळीआधीची ती मोकळी जागा, बोलून किंवा सुरातून कळवता येतं. सुरांचा पर्याय निवडला की ओळ जितकी आत, तितका सूर वर चढतो. ओळ बाहेर आली की उतरतो.

तासभर मी तसाच कोड ऐकला. पायथनमध्ये डावीकडची जागा हाच अर्थ असतो, हे मी दरवर्षी एका वाक्यात सांगून पुढे जात होते, कारण मला ते दिसत होतं. डोळस मुलांचेही तिथेच गुण जायचे, आणि मी त्यांच्या वह्यांवर 'निष्काळजीपणा' असा शेरा मारत आले होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून कोड तोंडाने सांगायला लागले. "ओळ तीन, चार स्पेस आत, इफ, मार्क्स मोठे चाळीसपेक्षा, कोलन." सुरुवातीला जीभ अडखळायची, म्हणून आदल्या दिवशी एकटीने सराव करायचे. तासाची गती अर्ध्यावर आली आणि दोन प्रकरणं पुढच्या सत्रात ढकलावी लागली. ते बरंच झालं, असं आज ठामपणे वाटतं. मागच्या बाकांवरून प्रश्न यायला लागले, कारण त्यांनाही आता ओळीचा नंबर सांगून विचारता येत होतं.

सरावाचे प्रश्न मात्र अडले. नवशिक्यांसाठी मला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे पार्सन्स प्रॉब्लेम. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी तो २००६ मध्ये मांडला. बरोबर उत्तराच्याच ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि विद्यार्थ्याने त्या क्रमाने लावायच्या. स्पेलिंगची, टायपिंगची धास्ती नाही. डोकं फक्त तर्कावर. पण आम्ही वापरायचो ते साधन माउसने ओढून ओळी लावायचं, कीबोर्डवरून काही हलेना. शेवटी साधी टेक्स्ट फाइल केली. प्रत्येक ओळीला क्रमांक, आणि उत्तर आकड्यांच्या जोड्यांत: पहिला आकडा ओळीचा, दुसरा ती किती पायऱ्या आत आहे त्याचा. ३-०, १-१, ४-२. तिच्यासाठी वेगळा पेपर काढायचा नाही, हे तेव्हाच ठरवलं. सगळ्यांना तीच फाइल दिली. इंग्रजी टाइप करताना घाबरणारी दोन मुलं त्या आठवड्यात पहिल्यांदा सगळे प्रश्न सोडवून गेली.

जोडीने प्रोग्रामिंग करणं कागदावर सोपं वाटतं: टाइप करणारा एक ड्रायव्हर, काय लिहायचं ते सांगणारा एक नेव्हिगेटर. प्रत्यक्षात ज्याला आधीपासून येतं तो कीबोर्ड बळकावतो. मग दर दहा मिनिटांनी अदलाबदल ठेवली, आणि नेव्हिगेटर सांगेल तेच टाइप करायचं, असा नियम केला. तिचा जोडीदार हुशार पण उतावळा होता. ती ड्रायव्हर असताना स्पीकरवर एनव्हीडीए इतक्या वेगाने बोलायचा की त्याला एक शब्द कळेना. "थोडं हळू कर ना," तो म्हणाला. तिने वेग कमी केला. दहा मिनिटांनी तो ड्रायव्हर झाला तेव्हा स्वतःहून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत टाइप करत होता.

आधीच येणाऱ्यांचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने पहिल्या अभ्यासक्रमात पूर्वानुभव असलेले आणि नसलेले असे वेगळे वर्ग केले, आणि तिथे संगणकशास्त्र घेणाऱ्यांमध्ये मुलींचं प्रमाण काही वर्षांत सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास गेलं. बदल इतरही होते, पण हा मला कळीचा वाटतो. माझ्याकडे एकच वर्ग. म्हणून "आधी कोडिंग कुणी केलंय?" असं विचारून हात वर करायला लावणं बंद केलं. ते आता चिठ्ठीवर लिहून घेते.

सत्राच्या शेवटी शेवटी आम्ही 'आधी अंदाज, मग रन' करत होतो. स्यू सेंटन्स आणि सहकाऱ्यांच्या प्रिम या प्रोग्रामिंग शिकवण्याच्या पद्धतीतली ही पहिली पायरी: कोड चालवण्याआधी उत्तर सांगायचं. बेरीज करणारं फंक्शन, त्यात उत्तर परत देऊन काम तिथेच थांबवणारी रिटर्नची ओळ, यादीत १०, २०, ३०. फाइल मी घाईत तयार केली होती. वर्ग एका सुरात म्हणाला, साठ. मीही मनात साठच धरलं होतं.

"दहा," ती म्हणाली.

सगळे वळून बघायला लागले. "रिटर्नच्या ओळीला सूर खाली यायला हवा होता, मॅडम. आलाच नाही. ते अजून लूपच्या आतच आहे."

तिच्या जोडीदाराने रन केलं. दहा आले.