लोकरीने फसवलं!

आज जनावरं पारखायला शिकलो. म्हणजे, शिकायला लागलो एवढंच! गाय समोर आली आणि मी थेट कासेकडे वाकलो. सर म्हणाले, "आधी चालवून बघ." पुढचा खूर उठला की मागचा जवळपास त्याच जागी पडायला हवा. डुकरिणीचे सड मोजले, निदान 12 तरी हवेत.

पण खरी फजिती केली मेंढ्यांनी. चारांत जी सगळ्यात गुबगुबीत, तिला मी बेधडक पहिला नंबर दिला. मग कमरेवर हात दाबून पाहिलं, तर नुसती हाडं! सगळा थाट लोकरीचा. वर मी तिला कोवळी समजत होतो. ओठ उचलले तर खाली पुढचे 8 पक्के दात, म्हणजे साधारण 4 वर्षांची बाई. नंबर गुपचूप खोडला. हाताचा लोकरीचा तेलकटपणा अजून जात नाहीये.