आई-बाबांना घेऊन माउंट विलार्ड

आई-बाबा बॉस्टनला आले की ‘एखादा डोंगर दाखव’ ही बाबांची फर्माईश ठरलेली. ते जन्मभर सह्याद्रीत हिंडलेले, आईचे गुडघे मात्र कुरकुरतात. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये दोघांनाही झेपेल म्हणून मी माउंट विलार्ड निवडला. उंची २,८६५ फूट, चढ साधारण ९०० फूट, वर जायला १.६ मैल.

ऑक्टोबरात पानं रंगली की तिथे गाडी लावायची मारामारी असते, म्हणून अंधारातच निघालो. अडीच तासांत क्रॉफर्ड नॉच या खिंडीत पोचलो. १८९१ सालच्या जुन्या रेल्वे डेपोमागे रूळ ओलांडले की वाट थेट जंगलात शिरते.

“काठ्या कशाला? मी काय म्हातारी झाले?” आईचं सुरू झालं. पहिला ओढा दगडांवरून ओलांडताना तिने निमूटपणे दोन्ही काठ्या मागून घेतल्या, त्या शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. सेंटेनियल पूल या छोट्या धबधब्यापाशी दशम्या आणि लसणीची चटणी झाली. वरचा टप्पा जुन्या बग्गीरस्त्याचा, त्यामुळे चढ अंगावर येत नाही. मुळं आणि ओले दगड तेवढे सांभाळायचे.

मग झाडी एकदम संपते आणि आपण ग्रॅनाइटच्या उघड्या कड्यावर येतो. कठडा वगैरे काही नाही. “अहो, मागे या!” म्हणत आईने बाबांचं जॅकेट मुठीत धरून ठेवलं होतं. खाली हिमनदीने कोरलेली दरी, डावीकडे वेबस्टर डोंगर, उजवीकडे विली डोंगर, मधून जाणारा ३०२ नंबरचा रस्ता. बाबांना त्यातही “पण शिखर कुठाय?” ते मागे झाडीत आहे, तिथून काही दिसत नाही, म्हटल्यावर ते जरा हिरमुसले.

विली हे नाव ज्या कुटुंबाचं, त्याची गोष्ट मी तिथेच सांगितली. ऑगस्ट १८२६ मध्ये रात्री दरड कोसळली, घरातले सगळे जिवाच्या भीतीने बाहेर पळाले आणि गाडले गेले. दरड घरामागच्या खडकापाशी दुभंगली, घराला धक्काही लागला नाही. “माळीणला घरंच गेली,” एवढंच बाबा म्हणाले आणि बराच वेळ समोरच्या उतारावरचे घसरणीचे पट्टे बघत राहिले.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. ओल्या दगडांवर पानांचा थर, त्यात आईचे गुडघे. घाई केली नाही. नॉर्थ कॉनवेहून इथपर्यंत पर्यटकांची रेल्वे येते, हे डेपोत कळल्यावर आईने पुढच्या वेळचं जाहीर करून टाकलं: ती गाडीने येणार, आम्ही खुशाल चढावं.