नळाच्या पाण्याला गटाराचा वास : नगरपरिषदेकडून दुरुस्ती करून घेताना

आमच्या गल्लीतील भुयारी गटाराचे चेंबर तुंबले की सांडपाणी रस्त्यावर येते, ही तक्रार जुनीच होती. परंतु नळाला पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे त्याला उग्र वास येऊ लागला, तेव्हा प्रश्न केवळ रस्त्यावरच्या घाणीचा राहिला नाही. पिण्याच्या पाण्याची वाहिनी त्या चेंबरला लागूनच गेलेली आहे आणि पाणी एक दिवसाआड येते. वाहिनीत दाब नसतो त्या वेळी सैल झालेल्या जोडातून बाहेरचे पाणी आत शिरते, हे वॉल्व्हमनने आम्हाला समजावून सांगितले. मात्र चेंबर आरोग्य विभागाकडे असल्याने आपण काही करू शकत नाही, असेही त्याने जोडून सांगितले. स्वच्छता निरीक्षकांचे उत्तर होते की, नळाचा वास हा पाणीपुरवठा विभागाचा विषय आहे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते आणि काम नेमके त्यामुळेच अडले होते.

त्या काळात नगरपरिषदेवर प्रशासक होते, म्हणजे ज्याला गाठून जाब विचारावा असा नगरसेवकही नव्हता. मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये तक्रार नोंदवली, तर ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून ती बंद करण्यात आली. सोबत जोडलेल्या छायाचित्रातील चेंबरला गोल लोखंडी झाकण होते. आमच्या चेंबरचे झाकण सिमेंटचे, चौकोनी आणि एका कोपऱ्यात फुटलेले आहे. ते छायाचित्र छापून घेऊन मी जपून ठेवले आणि तोंडी तक्रारींचा नाद सोडला.

लेखी अर्ज कोणत्याही विभागाला न देता थेट मुख्याधिकाऱ्यांच्या नावे केला. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार नगरपरिषदेचा प्रशासकीय कारभार त्यांच्या हाती असतो आणि दोन्ही विभाग त्यांच्याच अखत्यारीत येतात, त्यामुळे अर्ज इकडून तिकडे ढकलायचा झाला तरी तो त्यांच्या सहीने ढकलावा लागतो. मजकूर एका पानात बसवला : चेंबरचे नेमके ठिकाण, त्रास कधीपासून आहे, वाहिनी आणि चेंबर यांच्यातील अंतर, आणि मागणी एकच, की दोन्ही विभागांच्या अभियंत्यांनी एकाच वेळी स्थळपाहणी करावी. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ ही नेहमीची ओळ मी मुद्दाम गाळली, कारण त्या ओळीला ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढे उत्तर पुरते. आवक विभागातील लिपिक म्हणाले, “मॅडम, अर्ज ठेवून जा, शिक्का नंतर मारतो.” मी दुसरी प्रत पुढे धरून उभी राहिले. शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख नसलेला अर्ज पुढच्या कोणत्याही पायरीवर पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून तेवढे अवघडलेपण सोसणे भाग होते.

पाण्याचा पुरावाही लागणारच होता. क्लोरिन तपासण्याच्या ओटी चाचणीत पाण्यात द्रावणाचे थेंब टाकतात आणि पाणी पिवळे झाले की त्यात क्लोरिन शिल्लक आहे असे समजतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, असे भारतीय मानक आहे. वॉल्व्हमनने आमच्या अंगणात चाचणी केली. पलीकडच्या गल्लीतील पाणी लगेच पिवळे झाले, आमचे मात्र होते तसेच राहिले. यानंतर शासकीय प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणून नमुना दिला. अहवालात ‘पिण्यास अयोग्य’ असे आले आणि तो अहवाल दुसऱ्या अर्जासोबत जोडला.

याच सुमारास अनेकांनी सल्ला दिला की, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करा. कायदा चांगला आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही किंवा विनाकारण नाकारली गेली, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील, त्यानंतर दुसरे आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. दोषी पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला, ५०० ते ५००० रुपये शास्ती होऊ शकते. पण नगरपरिषदेच्या दर्शनी भागातील फलक नीट वाचला, तर त्यावर जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचा उतारा, हस्तांतरणाची नोंद, नवीन नळजोडणी अशा सेवा दिसल्या. तुंबलेले चेंबर त्या यादीत कोठेही नव्हते. शेजारच्या काकूंची हस्तांतरणाची नोंद रखडली होती, ती मात्र पहिल्या अपिलाचा अर्ज दाखल होताच निघाली. कोणते दुखणे कोणत्या कायद्यात बसते हे आधी पाहिले नाही, तर महिने वाया जातात.

माझ्या कामाला गती आली ती माहितीच्या अधिकारामुळे. जोडपत्र ‘अ’ मधील अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकच विषय, तोही सुमारे १५० शब्दांत. ‘दुरुस्ती का केली नाही’ असा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, कारण अभिलेखात असेल तेवढेच देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. म्हणून माझ्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून त्या अर्जावरील टिपणीच्या प्रती, तो ज्या ज्या टेबलावर गेला तेथील कर्मचाऱ्यांची पदनामे व तारखा, आणि तक्रार बंद करताना जोडलेल्या छायाचित्राचे स्थळ एवढेच मागितले. ३० दिवसांची मुदत संपत आली असताना उत्तर मिळाले. टिपणीवर ‘निधी उपलब्ध होताच काम प्रस्तावित करावे’ असा शेरा होता आणि स्थळपाहणीची नोंद नव्हती. छायाचित्राच्या स्थळाबाबत ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिले होते, आणि कार्यालयाच्या सहीने आलेले हे वाक्य पुढे फार उपयोगी पडले.

निधी नसल्याची सबब कायद्यापुढे कितपत टिकते, याचे उत्तर मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सापडते. तेथील रहिवाशांनी उघडी गटारे आणि शौचालयांचा अभाव यांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली, नगरपालिकेने पैसा नसल्याचे सांगितले, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ज्या कलम १३३ खाली (सार्वजनिक उपद्रव दूर करण्याबाबत) तो आदेश झाला, त्याच्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे. मी स्मरणपत्रात या निकालाचा उल्लेख केला आणि दुरुस्ती न झाल्यास उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे त्या कलमाखाली अर्ज करीन, असे सौम्य भाषेत लिहिले. भाषा सौम्य ठेवल्यामुळे कोणाला दुखावल्याचे निमित्त मिळाले नाही.

दंडाधिकाऱ्यांपर्यंत जाण्याआधी लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर नागरिकांच्या तक्रारी ऐकल्या जाण्याच्या दिवसाचा, मार्ग शिल्लक होता. तालुका पातळीवर अर्ज करूनही काही हलले नाही, तेव्हा विहित नमुन्यात जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला. तेथे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुनावणी होते. माझ्या वाट्याला फार थोडा वेळ आला. अ‍ॅपमधील छायाचित्र आणि आमच्या चेंबरचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवले, प्रयोगशाळेचा अहवाल आणि टिपणीची प्रत पुढे केली. नगरपरिषदेच्या प्रतिनिधींनी निधीचा मुद्दा काढला, परंतु अहवालातील ‘अयोग्य’ या शब्दापुढे तो टिकला नाही. तोपर्यंत एकमेकांकडे बोट दाखवणारे दोन्ही विभाग त्याच आठवड्यात एकत्र आले. खोदल्यावर जोडाचे रबर कुजलेले आणि वाहिनीभोवतीची माती काळी पडलेली दिसली. वाहिनीचा तेवढा तुकडा बदलून चेंबरपासून दूर घेतला आणि चेंबर आतून बांधून काढले.

तक्रार निकाली काढण्यासाठी ‘समाधान झाले’ अशा छापील वाक्याखाली माझी सही मागण्यात आली. मी सही केली, पण वर लिहिले की वाहिनीची दुरुस्ती पूर्ण झाली आहे, पाण्याची फेरतपासणी आणि खोदलेल्या रस्त्याचे डांबरीकरण बाकी आहे. फेरतपासणीचा अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा आला. डांबरीकरणाचा अर्ज वेगळ्या आवक क्रमांकाने बांधकाम विभागात आहे.