आईची खोली आणि भिंतीवरचा आकडा

गेल्या ऑक्टोबरात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मिनेसोटात आले. ईडन प्रेअरीतलं आमचं घर १९८७ सालचं, आणि खालच्या पॅसेजमध्ये भिंतीवर घराचं तापमान राखणारा, तेवढाच जुना गोल थर्मोस्टॅट होता. मी आणलेला नवा, वायफायवाला, खोक्यातच पडून होता. आल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी तो बाहेर काढला. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ते ३१ वर्षं बॉयलर अटेंडंट होते. घरात आगीशी संबंध असलेलं यंत्र आहे आणि ते उघडून बघितलेलं नाही, हे त्यांना चालत नाही.

फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा, स्विच बंद करून आम्ही जुना थर्मोस्टॅट उतरवला. आत गोल गुंडाळलेली दोन धातूंची पट्टी, तिच्यावर काचेची छोटी कुपी आणि कुपीत पाऱ्याचा थेंब. हवा गार झाली की पट्टी वळते, कुपी कलंडते, पारा घरंगळतो आणि दोन तारा जोडल्या जातात. "इस्त्रीत असते तसलीच पट्टी ही," बाबा म्हणाले आणि बराच वेळ ती कुपी उजेडात धरून कलती करत राहिले. हनीवेल कंपनीने हा गोल नमुना १९५३ साली बाजारात आणला. त्यात पारा असल्यामुळे तो कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणून काउंटीच्या केंद्रावर नेऊन दिला.

भिंतीतून आल्या होत्या २४ व्होल्टच्या चार बारीक तारा. लाल तारेतून वीज येते. ती पांढरीला जोडली की फर्नेस पेटतो, पिवळीला जोडली की अंगणातला एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो आणि हिरवीला जोडली की नुसता पंखा. थर्मोस्टॅट कितीही हुशार असो, शेवटी त्याच्या हातात या जोडण्या-तोडण्यापलीकडे काही नाही. उष्णता तो तयार करत नाही. नव्याला मात्र पडद्यासाठी आणि वायफायसाठी सतत वीज लागते, आणि त्यासाठी परतीची पाचवी तार, 'सी' तार, हवी. बाबांनी केबल हलकेच पुढे ओढली, तर तिथे न वापरलेली निळी तार मागे गुंडाळून ठेवलेली. तिचं दुसरं टोक फर्नेसच्या बोर्डावर 'सी'ला जोडलं आणि पडदा उजळला.

मग बाबा बेसमेंटमध्ये जाऊन उभे राहिले आणि मी वरून आकडा वाढवला. आधी धूर बाहेर काढणारा छोटा पंखा फिरला. तो खरंच हवा ओढतोय याची दाबाच्या स्विचने खात्री केली, तेव्हाच पेटवणी लालभडक झाली, गॅस सुटला, ज्वाला लागली. खोल्यांत हवा ढकलणारा मोठा पंखा, ब्लोअर, लगेच लागत नाही, डक्टमधून, म्हणजे हवेच्या पत्र्याच्या नळांमधून, थंड हवा घरात येऊ नये म्हणून थोडं थांबून लागतो. ज्वाला विझल्यावरही उरलेली धग ओढून घ्यायला तो मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो. प्रत्येक पायरी आधीची पायरी तपासूनच पुढे जाते, हे बाबांना फार आवडलं. त्या रात्री मी त्यांना अल्बर्ट बुट्झची गोष्ट सांगितली. १८८५ साली, आमच्यापासून अर्ध्या तासाच्या आत असलेल्या मिनियापोलिसमध्ये, त्याने खोली गार झाली की कोळशाच्या भट्टीचा डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, आपोआप उघडणारं यंत्र बनवलं. त्याच्या कंपनीतून पुढे हनीवेल उभी राहिली. बाबा म्हणाले, "म्हणजे सुरुवात डॅम्परपासूनच."

नोव्हेंबरपासून आई म्हणायला लागली, गार वाटतं. पॅसेजमध्ये ७० फॅरनहाइट, म्हणजे २१ सेल्सिअस. एकदा तिने आकडा सरळ ८० वर नेला, घर लवकर तापावं म्हणून. बाबांनीच समजावलं, "अगं, इस्त्री रेशमावर ठेव की सुतीवर, तापायचा वेग तोच. सुतीवर थांबते उशिरा, एवढंच." आमचा फर्नेस एकाच ज्वालेवर चालतो, त्यामुळे हे बरोबरच होतं. पण मी तिथेच विषय संपवला. आईला इथल्या थंडीची सवय नाही असं धरून तिला आणखी एक स्वेटर आणला.

जानेवारीत, बाहेर उणे २५ सेल्सिअस असताना, मी पहिल्यांदा ॲपमधला दिवसाचा आलेख उघडला. रोज सकाळी साडेनऊनंतर रेघ खाली. आम्ही दोघं कामाला निघालो, आमचे दोन्ही फोन घराबाहेर गेले, पॅसेजमध्ये कुणाची हालचाल नाही, म्हणजे घर रिकामं, असं यंत्र ठरवत होतं आणि ६४ वर, १८ सेल्सिअसच्या आसपास, उतरत होतं. ही सोय मीच चालू केली होती. रोज आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइट खाली ठेवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं, आणि रिकाम्या घरात ती करावीच. पण आई वर पोथी वाचत बसलेली होती. तिचा भारतातला फोन यंत्राच्या यादीत नव्हता, आणि पॅसेजमधल्या डोळ्याला ती दिसणार कुठून? अडीच महिने ती सांगत होती आणि मी भिंतीवरचा आकडा दाखवत होते. हे लिहितानाही गळा दाटतो.

ती सोय बंद केली आणि आईच्या खोलीत वेगळा सेन्सर ठेवला. पॅसेजमध्ये ७० असताना तिच्याकडे ६४ होतं! ही खोली गॅरेजच्या वर, उत्तरेला, सगळ्यात लांबच्या डक्टच्या टोकाला. दिवसा यंत्राने तिच्याच खोलीचं तापमान धरावं असं लावलं, तर खाली ७५ झालं. फर्नेस एक, डक्टचं जाळं एक. कधी तापवायचं ते थर्मोस्टॅट ठरवतो, कुठे ते त्याच्या हाती नाही.

ते बाबांच्या हाती होतं. टॉर्च घेऊन ते बेसमेंटच्या छताजवळून एकेक डक्ट चाचपत गेले, तर फाट्यांवर छोटे दांडे सापडले. डॅम्पर. आमच्या बेडरूमचा आणि हॉलचा त्यांनी अर्धा मिटवला, आईच्या खोलीचा पूर्ण उघडा ठेवला. फार मिटवायचे नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. हवा कोंडली की फर्नेस आतून जास्त तापतो आणि सुरक्षेसाठी ज्वाला बंद पडते. चार दिवस थोडं-थोडं सरकवत आईची खोली ६९ वर आली. मग पत्र्यावर मार्करने रेघा मारल्या आणि शेजारी लिहिलं, 'हिवाळा', 'उन्हाळा'. एसीची गार हवा जड, ती खालीच बसते, म्हणून उन्हाळ्यात वरच्या मजल्याचे सगळे दांडे पूर्ण उघडे.

एप्रिलमध्ये ते परत गेले. जूनमध्ये पहिल्यांदा एसी लावला तेव्हा मी खाली जाऊन दांडे बाबांच्या अक्षरातल्या 'उन्हाळा'वर आणले. आईच्या खोलीतला सेन्सर अजून तिथेच आहे. काल फोनवर तिला सांगितलं, तुझ्या खोलीत ७४ आहे. ती म्हणाली, "ह्यांनी केलेल्या खुणेवरच ठेवलायस ना तो दांडा?"