तुम्ही विचारलंत म्हणून: पाळी कुठल्या औषधाने परत आली?

टेकडीवर भेटणाऱ्या मुली विचारतात, मावसबहीणही परवा विचारत होती. खरं उत्तर एवढंच की मी पोटभर जेवायला लागले आणि धावणं थांबवलं.

हाफ मॅरेथॉनची तयारी चालू होती. पहाटे काळी कॉफी पिऊन धावायचे, डब्यात काकडी-गाजर, रात्री सूप. 54 किलोची 46 झाले, तेव्हा जो तो कौतुक करायचा. पाळी आधी लांबली, मग बंदच झाली. खरं सांगते, मला बरंच वाटलं, पॅडची कटकट गेली म्हणून. पुण्याच्या ऐन एप्रिलात हात गार पडायचे, रात्री तीनला टक्क जाग यायची, मोरीच्या जाळीत केसांचा गुंता अडकायचा. याचा आणि पाळीचा संबंध मी लावलाच नाही.

आई कालनिर्णयवर माझ्या तारखेला पेनाने टिंब देते. एकदा मागची पानं चाळून म्हणाली, “अगं, आठ महिने कोरे आहेत.”

पहिल्या डॉक्टरांना पीसीओएस वाटलं, म्हणजे हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार. त्यांनी वजन वाढू देऊ नकोस असं सांगितलं आणि पाळी येण्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, तरी एक डागसुद्धा नाही. मग हॉर्मोनच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न, “सकाळपासून काय खाल्लंस?” गरोदरपण, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हॉर्मोन) सगळं तपासून झालं. एलएच (बीजकोशांना कामाला लावणारं हॉर्मोन) आणि बीजकोशांत तयार होणारं इस्ट्रोजेन मात्र अगदी तळाला. पोटात पुरेसं पडत नाही आणि अंग राबतंय, असं झालं की मेंदूतला हायपोथॅलॅमस पुढे निरोप धाडणं कमी करतो आणि बीजकोश थंडावतात. इस्ट्रोजेन नाही म्हणून गर्भाशयाचं अस्तर वाढत नाही. मग गोळ्यांनी पडणार तरी काय? हाडंही त्यानेच विरळ होतात. माझ्या मणक्याची घनता कमी निघाली, तेव्हा मात्र मी रडले.

त्यानंतर उठल्यावर तासाभरात पोहे नाहीतर अंडी, दुपारी भाकरी, भाजी, वरण-भातावर तूप, झोपताना दूध. धावण्याऐवजी साधं चालणं. जेवण जमलं, पण “सुटलीस की गं!” हे ऐकून घेणं फार जड गेलं. वजन आधी वाढतं, पाळी मागून येते. मधले महिने नुसते विश्वासावर काढावे लागतात.

सातव्या महिन्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट स्राव दिसला. बीज सुटण्याची वेळ आल्याची ती खूण. म्हणजे पहिल्या पाळीआधीच दिवस राहू शकतात, तेव्हा मूल नको असेल तर आधीपासून काळजी घ्या. दोन आठवड्यांनी पाळी आली. आईने टिंब दिलं, त्याला गोल केला.

तुमचं कारण वेगळं असू शकतं. पीसीओएसमध्ये उपाय कधी अगदी उलटाही असतो. म्हणून 3 महिने पाळी आली नाही, तर माझा आहार उचलू नका, आधी तपासण्या करून घ्या. माझी हाडांची तपासणी पुढच्या वर्षी पुन्हा आहे.